वावटळवीराचा वरपक्ष

विश्वजितचा प्लॅन बिनचूक होता. इतका बिनचूक, की सुचल्याबरोबर त्याने स्वतःच्या पाठीवर स्वतःच शाबासकी द्यायचा प्रयत्न केला आणि खांदा लचकवून घेतला. खरं तर तिथेच शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं!

प्लॅन समजून घ्यायचा तर आधी वावटळवीर कोण हे समजलं पाहिजे. विटा-आटपाडीकडे हा प्रश्न विचारलात तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील. वावटळवीर हा चित्रकथेतला वीर, गाव आटपाडी. माणदेशात उन्हाळ्यात धुळीच्या वावटळी उठतात, त्यांच्यावर स्वार होऊन तो उडतो. पाठीवर घोंगडं, हातात काठी आणि मिशा अशा झोकदार, की वर लिंबू ठेवलं तर उडतानासुद्धा पडू नये. चाळीस वर्षं झाली, तो चारा पळवणाऱ्यांना, वाळू उपसणाऱ्यांना आणि तळी फोडणाऱ्यांना बदडतो आहे. त्याची अडचण एकच. वारा पडला, की तोही पडतो. धपकन! मग पलूसचा संग्राम ट्रॅक्टर घेऊन येतो, वीराला ट्रॉलीत घालतो आणि घरी पोचवतो. प्रत्येक अंकाचं शेवटचं चित्र हेच.

आता या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानांपायी मुलूखभर पांगलेली. सेलम, कोइमतूर, कानपूर, कुठेही जा, विट्याचा माणूस भट्टीपुढे बसलेला सापडतो. त्यांच्यासाठी वावटळवीराचे गठ्ठे ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जायचे. विश्वजितच्या वडिलांनी, बिराप्पांनी, सेलमला तीस वर्षं काढली ती या अंकांच्या जिवावर. ताप आला तरी आधी अंक उशाशी आणि मग गोळी. म्हातारपणी दुकान पुतण्याला देऊन ते विट्याला परतले, तेव्हा भांड्याकुंड्यांपेक्षा अंकांच्या पेट्याच जास्त होत्या. 'समस्त वावटळवीर प्रेमी मंडळा'चे ते तहहयात अध्यक्ष. मंडळाने त्यांना निवडलं नव्हतं, मंडळच त्यांनी काढलं होतं.

आणि योगायोग बघा, हल्ली वावटळवीर काढायचा कोण? तर विश्वजित! मूळचे चित्रकार मानसिंग मास्तर. त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी कुंचला आपल्या या शिष्याच्या हातात दिला आणि स्वतः साताऱ्याला लेकीकडे राहायला गेले.

इथवर सगळं छान. गोची पुढे आहे. विश्वजितचं एका माणसावर प्रेम होतं आणि तो माणूस म्हणजे पलूसचा जयराज. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, हसला की उजव्या गालावर खळी पडणारा जयराज. चार वर्षं झाली, दोघं एकमेकांना जीव लावून होते आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. त्यात बिराप्पांनी तासगावला मुलगी बघायचं ठरवलं. रविवारी. ठरवताना ते भलतेच खुशीत होते.

"आपल्या लेकीच्या, पल्लवीच्या लग्नात मी काय केलं? वाकलो! पंगतीत वाकलो, जावयाच्या मामाम्होरं वाकलो, निगताना हात जोडून 'चुकलं माकलं पोटात घाला' म्हनलं. कंबर आजून धरतीया! आता पोराच्या लग्नात मी खुर्चीत बसनार. पाय पसरून! आनि एकदा तरी रुसनार!"

"कशावरनं रुसनार?" विश्वजितच्या आईनं, अंजनाबाईंनी विचारलं.

"त्ये बगू त्या वक्ताला. जिलबी गार असती कवा कवा."

आता अशा माणसाला काय सांगायचं? विश्वजितनं तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा 'आई, च्या ठेवतीस?' एवढंच बाहेर पडलं. रविवार तर अंगावर चालून येत होता. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठे जावं कळेना. आणि अशाच येरझाऱ्यांत त्याला प्लॅन सुचला.

सांगेल वावटळवीर!

नव्या अंकाच्या शेवटच्या चित्रात वारा पडेल, वीर पडेल, ट्रॅक्टर येईल. आणि ट्रॉलीत बसल्या बसल्या वावटळवीर संग्रामला सांगेल, की गड्या, माझं तुझ्यावर प्रेम आहे. बिराप्पांचा रिवाज ठरलेला होता. पहिली प्रत त्यांची. गुरुवारी सकाळी ओट्यावर बसून, चहा घेत, ते ती मोठ्यानं वाचत. वाचून आधी दचकतील. पण वावटळवीरावर रागावणं त्यांना या जन्मी जमायचं नाही. एकदा त्याचं खपवून घेतलं, की त्याच्या घोंगड्याचं टोक धरून आपणही पलीकडे जायचं!

"गड्या, सरळ सांग की बापाला," जयराज फोनवर म्हणाला.

"सरळ सांगाय मी काय वावटळवीर हाय?"

अंक छापून झाला. आणि मग विश्वजितनं ती चूक केली. जाहिरात! त्यानं वाचकांच्या ग्रुपवर टाकलं: 'चाळीस वर्षांनी वावटळवीर सांगणार मनातली गोष्ट! कोणावर आहे त्याचं प्रेम? वाचा नव्या अंकात!'

चहा प्यायला खाली उतरला आणि वर येईपर्यंत फोन गरम झाला होता.

"हॅलो, कोइमतूरवरनं बोलतुया. लग्न ठरलं म्हनं वावटळवीराचं! लय बेस झालं!"

"आवं, लग्न न्हाई..."

"पोरगी कुटली? आपल्यातलीच हाय न्हवं?"

तो ठेवतोय तर कानपूर. कानपूर ठेवतोय तर आत्या. आत्याच्या जावेची भाची बी.एस्सी. झालेली होती, दिसायला देखणी होती आणि तिचा फोटो पाठवला तर 'चित्रात तिचंच नाक काढता ईल का' अशी विचारणा होती. दुपारपर्यंत वावटळवीराला इतकी स्थळं सांगून आली, की विश्वजितला स्वतःला आली नसतील. एकानं तर जन्मवेळ मागितली!

संध्याकाळी तो चौकात गेला आणि जागच्या जागी थिजला. फ्लेक्स लागला होता! आपल्याकडे माणूस जन्मायला वेळ लागेल, फ्लेक्सला लागत नाही. मध्यभागी वावटळवीर, कपाळाला मुंडावळ्या. शेजारी नवरीच्या जागी एक बाईची काळी सावली आणि तिच्यावर भलंमोठं प्रश्नचिन्ह. वर 'शुभविवाहानिमित्त हार्दिक शुभेच्छा!' आणि खाली शुभेच्छुकांची रांगच्या रांग, सगळे काळ्या गॉगलात. सगळ्यांत मोठा फोटो बिराप्पांचा.

विश्वजित धावत घरी आला. बिराप्पा फोनवर होते.

"व्हय, व्हय, शनवारी! मंगल कार्यालय घेतलंय. सुपारी फोडायची, अंक वाचायचा, मग जेवान. हलगी सांगितलीया." फोन ठेवून ते म्हणाले, "ये रं! चाळीस वर्सांनी कार्य निगालंय, त्ये काय वट्ट्यावर उरकायचं? आवंदा मी माइकवर वाचनार!"

"आप्पा, आवं, त्यात... तुमी आदी एकदा एकट्यानं वाचा."

"छ्या! आदी वाचलं तर मजा काय? पयली परत माजी, पर उगडनार समद्यांम्होरं! आनि करवला म्हनून पलूसकरांना बी बोलवलंय. संग्रामचं गाव हाय, मान द्याय पायजे. त्यो ट्रॅक्टर मालक संगटनेचा हंबीरराव हाय न्हवं? समदी ट्रॅक्टरं सजवून आनतो म्हनला."

विश्वजित खाली बसला. हंबीरराव म्हणजे जयराजचे वडील!

अंक मागे घ्यावा म्हटलं, तर बिराप्पांनी गठ्ठे स्वतःच्या हातांनी ट्रॅव्हल्सला घातले होते. वर अट, शनिवारी दुपारच्या आत कुणी सोडायचे नाहीत. सेलमची गाडी तोवर कर्नाटकात शिरली होती. कार्यक्रम रद्द करावा म्हटलं, तर आचारी सांगून झाला होता, आणि आमच्याकडे एकदा आचारी सांगितला की देवाचीही माघार नसते. उरला एकच मार्ग. शुक्रवारी विश्वजितनं सातारा गाठलं.

मानसिंग मास्तर गॅलरीत कंदी पेढा चघळत बसले होते.

"मास्तर, तुम्हीच काही तरी करा. तुम्ही म्हणा, हे मला मान्य नाही. मग मी आप्पांच्या प्रतीतलं शेवटचं पान फाडतो आणि निदान उद्यापुरता सुटतो!"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि अंक घेतला. विश्वजित गॅलरीत फेऱ्या मारत राहिला. शेवटी राहवेना तेव्हा त्यानं विचारलं, "मास्तर, इतक्या वर्षांत तुम्ही याचं लग्न का नाही हो लावलं?"

"मला बाई काढता येत नव्हती रे! निऱ्या जमायच्या नाहीत. एकदा काढली होती, तर लोक विचारायला लागले, वीराच्या शेजारी ही कणगी कसली? मग नाद सोडला."

शेवटचं पान आलं. मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, माझ्यामुळं हा एकटा राहिला. दर अंकात मीच तो ट्रॅक्टर काढत होतो बघ, आणि तो का येतोय हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. पान बिन काही फाडायचं नाही! उद्या मी स्वतः येतो. पेढे घेऊन."

झालं! बुडत्याला काडीचा आधार असतो म्हणतात. इथे काडीच पेढे घेऊन लग्नाला निघाली होती.

शनिवारी मंगल कार्यालय फुलून गेलं. हलगी कडाडत होती. उसाच्या वाड्यांनी, म्हणजे हिरव्या शेंड्यांनी सजवलेली पलूसची ट्रॅक्टरं दारात ओळीनं लागली. पुढच्या ट्रॅक्टरवरून फेटा बांधलेले हंबीरराव उतरले, आणि शेवटच्यावरून, तोंड पांढरंफटक झालेला जयराज.

"सांगितलंस?" त्यानं स्वयंपाकघराच्या दारात विश्वजितला गाठलं.

"आता माइकवर कळंल."

"आनि माज्या बाला?"

"त्यास्नी बी माइकवरच."

"वा रं गड्या!" जयराज म्हणाला. "लय भारी प्लॅन हाय तुजा!"

बिराप्पा माइकपुढे आले. घसा खाकरला. पहिलं पान, दुसरं पान. वाळूवाल्यांशी मारामारी आली तेव्हा त्यांनी एका हातानं माइक आणि दुसऱ्या हातानं काठी फिरवली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यामागे विश्वजित उरलेली पानं मोजत होता. शेवटचं पान उलटलं.

"वारा पडला," बिराप्पा वाचायला लागले. "वावटळवीर पडला. धपकन! ट्रॅक्टर आला. वावटळवीर म्हनला, 'संग्राम, आजवर दहा गावं वाचवली, पन सोताच्या मनातलं सांगाय धाडस झालं न्हाई. आज सांगतो. माजं पिरेम हाय...'"

सभागृहात टाचणी पडली असती तर सगळे दचकले असते.

"'...तुज्यावर.'"

बिराप्पा थांबले. पान जवळ धरलं, लांब धरलं. मग पुढची ओळ अगदी हळू वाचली, पण माइक चालूच होता. "संग्राम म्हनला, 'मग इतकी वर्सं मी डिझेल काय फुकट जाळत हुतो व्हय?' समाप्त."

कुणीतरी हलगीवर चुकून टिपरी मारली आणि लगेच हलगी पोटाशी दाबून धरली.

"छापायची चूक असंल," मागून एक जण म्हणाला.

"चूक कशी? चित्रात हात हातात हाय की!"

कोइमतूरहून खास आलेले, सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावलेले एक पाहुणे ताडकन उठले. "बिराप्पा, ह्ये काय हाय? असलं आपल्यात नसतं!"

पडद्यामागे विश्वजितनं डोळे मिटून घेतले. आता बापाच्या तोंडून जे निघेल, ते जन्मभर कानात राहणार होतं. जयराजनं मागून त्याचा सदरा घट्ट धरला होता.

"असलं म्हंजे कसलं?" बिराप्पांचा आवाज माइकमधून आला. "आपल्यात उडनारी मानसं असत्यात व्हय? घोंगडं घिऊन वावटळीवर उडतो, ह्ये चाळीस वर्सं तुमी हूं का चूं न करता मानलं. आनि त्यो कुनावर जीव लावतो म्हनला, की तुमास्नी पटंना? आवं, तुमचं दुकान जळालं तवा सा म्हैनं ह्येचंच अंक वाचत पडला हुता न्हवं? त्यो आमचा वावटळवीर हाय. त्येला कुनाला काय बोलायचं आसंल त्यानं आदी माज्याशी बोलावं!"

पाहुणे बसले. पण प्रकरण मिटलं म्हणता, तोच समोरच्या रांगेतून हंबीरराव उठले. फेटा सावरत. विश्वजितला वाटलं, आता मारामारी.

"बिराप्पा, तुमचं पटलं," हंबीरराव म्हणाले. "संग्राम आमच्या पलूसचा. त्येचं जुळलं, आमास्नी आनंद हाय. पर एक बोलून घिऊ. वरपक्ष आमी!"

"आं?"

"वरपक्ष आमी. मिरवनूक आमी आनली, ट्रॅक्टरं आमी आनली."

"वरपक्ष आमी!" बिराप्पा गरजले. "अंकाचं नाव काय हाय? वावटळवीर हाय का संग्राम?"

"आवं, पडल्याला उचलतो कोन?"

"पर पडाय आदी उडाय लागतं!"

बघता बघता दोन्हीकडची माणसं उभी राहिली. वीराचं प्रेम कुणावर, ही बाब आता कुणाच्या खिजगणतीत नव्हती. वधूपक्ष कुणी व्हायचं, यावर खुर्च्या सरकायला लागल्या! कारण वधूपक्ष म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक मुलीच्या बापाला ठाऊक होतं. वाकायचं, वाढायचं, रुसलेल्यांना मनवायचं. एवढी माणसं जमली होती आणि त्यांत वाकायला एक तयार नव्हता.

"आनि नांदायला कोन जानार?" पलूसकडून आवाज आला. "संग्राम तिकडं येनार न्हाई! आंगुळीला पानी न्हाई तुमच्यात!"

"आलंय आता पानी! आनि आमचा वीर तुमच्यात आला तर उडंल कसा? उसातनं वारं तरी फिरतं का?"

"मग येगळं ऱ्हाऊ द्या! मदी, विट्यात!"

"लगीन व्हायच्या आदीच पोरगं येगळं काडता व्हय?"

अंजनाबाई बायकांच्या बाजूनं ओरडल्या, "आवं, भात गार व्हतुया!" पण कुणी ऐकेना. शेवटी मानसिंग मास्तर काठी टेकत माइकपाशी आले. त्यांना बघून दोन्ही बाजू गप्प झाल्या. वावटळवीर आणि संग्राम, दोघांनाही त्यांनीच तर जन्म दिला होता!

"दोघंही नवरदेव," मास्तर म्हणाले. "तेव्हा दोन्हीकडचे वरपक्ष. विषय संपला."

"मग वधूपक्ष कोन?" बिराप्पा आणि हंबीरराव एका सुरात म्हणाले.

मास्तरांनी सगळीकडे नजर फिरवली. पडद्याखालून विश्वजितच्या चपला दिसत होत्या.

"ज्यानं जुळवलं तो. विश्वजित, ये बाहेर! धर ही बादली."

अशा रीतीनं विश्वजित वधूपक्ष झाला. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्यात पळी. वीराच्या बाजूचे आटपाडीकर म्हणाले, आधी आमच्या पंगतीत वाढ. पलूसकर म्हणाले, आम्ही काय उपटसुंभ आहोत? कुणाला मीठ कमी, कुणाला रस्सा आळणी. कोइमतूरच्या पाहुण्यांना दोनदा आग्रह केला तेव्हा कुठे त्यांनी पान पुढे ओढलं, पण ओढलं! हंबीरराव जिलबी गार आहे म्हणून चक्क रुसून बसले. बिराप्पांचा रुसवा त्यांनी पळवला म्हणून बिराप्पा त्यांच्यापेक्षा जास्त रुसले! जयराज बिचारा मुकाट्यानं जिलबीचं ताट घेऊन विश्वजितच्या मागे फिरत राहिला.

दुपार कलली, पंगती उठल्या. बिराप्पा एका खुर्चीत बसून अंक पुन्हा वाचत होते. पाय पसरलेले नव्हते. त्यांनी विश्वजितला बोटानं बोलावलं. बादली खाली ठेवून तो गेला.

"संग्रामच्या गालावर खळी कवापासनं हाय रं?"

"आं?"

"मी पेट्या भरून अंक वाचलेत. पयल्यापासनं त्येचा गाल सपाट हुता. ही खळी चार वर्सांत आलीया. मला वाटायचं, तुजा हात वळायला लागला." बिराप्पांनी मान वर केली. पलीकडे जयराज सांडलेली आमटी पुसत होता. कुणी तरी काही बोललं आणि तो हसला. उजव्या गालावर, नेमकी तिथेच!

चहा मागायची फार इच्छा झाली विश्वजितला. पण नाही मागितला.

"आप्पा, उद्या तासगावला मी येत न्हाई. मी बी वावटळवीरासारखाच हाय."

बिराप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला उडता येतं?"

"न्हाई."

"मग त्येच्यासारका हाय म्हनू नगंस."

बिराप्पा अंकाची घडी करत होते, उलगडत होते. डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"बाला सांगाय एवडा अंक काडाय लागला? त्यो बी रंगीत?"

"भ्या वाटत हुतं, आप्पा."

"मला बी वाटतंय," बिराप्पा म्हणाले. "लोकांम्होरं त्येच्यासाटी बोललो त्ये सोपं हुतं. त्यो काय संध्याकाळी घरी जेवाय येत न्हाई. तुजं आयकाय मला जरा वकत लागंल." मग त्यांनी खिशातून फोन काढला, तासगावला लावला आणि उभे राहून बोलले. "राम राम पावनं. उद्याचं ऱ्हाऊ द्या. न्हाई, न्हाई, तुमच्या पोरीत काय न्हाई. आमच्या पोराचं ठरल्यालं हाय. आमालाच आज कळलं."

विश्वजितला काय करावं समजेना. पाया पडावं की रडावं, या घोटाळ्यात त्यानं पुन्हा बादली उचलली.

"ठेव ती!" बिराप्पा डोळे पुसून खुर्चीत टेकले आणि अचानक ताठ झाले. "थांब. ह्यो पोरगा कुनाचा रं?"

"हंबीररावांचा."

"त्यो? जिलबीवरनं रुसल्याला?" बिराप्पांच्या चेहऱ्यावर, पोराच्या बातमीनं आलं नव्हतं ते संकट आता पसरलं. "त्येला ठाव हाय?"

"आजून न्हाई. जयराज सांगनार हाय. सरळ."

"सांगू दे. सावकाश. पर एक आत्ताच ठरलं," त्यांनी मांडीवर थाप मारली, "वरपक्ष आपुन! मी वाकनार न्हाई. ह्यात काय बदल न्हाई!"

"व्हय, आप्पा."

तेवढ्यात हंबीरराव निघाले. फेटा काखेत, तोंड अजून फुगलेलं. मागे मान खाली घालून जयराज. जाता जाता ते बिराप्पांपुढे थांबले.

"येतो आमी. पाव्हनचार काय खरा न्हवता, बगा. जिलबी गार हुती."

सगळं कार्यालय कान देऊन उभं राहिलं. आता बिराप्पा काय सुनावतात! बिराप्पा उठले. त्यांनी हंबीररावांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या त्या खळीकडे बघितलं. आणि काय झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दोन्ही हात आपोआप जुळले आणि कंबर लवली.

"चुकलं माकलं पोटात घाला, पावनं."

हंबीरराव क्षणभर चकित झाले, मग प्रसन्न हसले आणि ट्रॅक्टरवर चढले. जयराजनं खाली वाकून बिराप्पांचे पाय शिवले आणि तोही पळाला. ट्रॅक्टरांचा आवाज लांब गेला, तरी बिराप्पा तसेच हात जोडून उभे होते.

मागून अंजनाबाई कमरेला पदर खोचत आल्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता उचला ती बादली!"